आधी यादी दाखवा

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या क्रीडाविभागांना वेबसाइट कशी असावी हे सांगणाऱ्यांचा एक सूर ठरून गेला आहे. वेबसाइट हा संघाचा दर्शनी भाग. तिथे आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला बघताक्षणी भुरळ पडली पाहिजे. म्हणून वर मोठा व्हिडिओ लावा, खाली नव्या जिमचे फोटो, प्रशिक्षकाचं एखादं जोरदार वाक्य आणि चकाकणाऱ्या ट्रॉफ्या. निकालांचे तक्ते, मागच्या मोसमांच्या याद्या, जुन्या खेळाडूंची पानं कोण वाचतं? ती आत कुठेतरी ढकला. अलीकडे याला एक पुरवणीही जोडली जाते : मुलं आता इन्स्टाग्रामवरच असतात, तेव्हा वेबसाइटवर फार जीव टाकू नका.

मला हे मुळातच मान्य नाही. खेळाडू यावेत आणि चाहते टिकावेत असं ज्या कॉलेजला वाटतं, त्याने वेबसाइटवर आधी यादी दाखवावी, निकाल दाखवावेत, गेल्या दहा वर्षांत कोण आलं आणि कोण टिकलं हे दाखवावं. व्हिडिओ त्यानंतर. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. एका अल्पवयीन मुलीने आयुष्यातली चार वर्षं कुठे घालवायची आणि तिच्या आईवडिलांनी किती कर्ज काढायचं, हे बऱ्याच अंशी त्या पानांवरून ठरतं.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे असं कोणी समजू नये. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठात शिकला आणि तिथे असतानाच १९९५ मध्ये त्याने अमेरिकेच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आली. एनसीएए या तिथल्या आंतरविद्यापीठ क्रीडासंघटनेच्या छत्राखाली सुमारे अकराशे कॉलेजं आणि पाच लाखांहून जास्त विद्यार्थी-खेळाडू आहेत, आणि तिच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, डिव्हिजन वनमध्ये, टेनिसचे निम्म्याहून जास्त खेळाडू परदेशातून आलेले असतात. पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या कोर्टवर राज्य मानांकनात वर असलेली चौदा वर्षांची मुलगी असेल, तर तिच्या घरी जेवताना हा विषय निघतोच.

त्या वयात त्या घराच्या हाती काय असतं? एनसीएएच्या नियमाप्रमाणे डिव्हिजन वनच्या बहुतेक खेळांत, टेनिससकट, प्रशिक्षकाला दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलीशी भरतीबद्दल थेट बोलता येत नाही. फोन नाही, व्यक्तिगत ईमेल नाही. मुलीने सही करेपर्यंत प्रशिक्षकाने तिच्याबद्दल जाहीर बोलायचंही नाही. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे, कारण त्याआधी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांकडून तोंडी शब्द घेतले जात होते. पण त्याचा अर्थ असा की निवड करण्याची पहिली दोन-तीन वर्षं घराला बघायला उरते ती फक्त वेबसाइट. अमेरिकन पालक गाडी काढून कॉलेज पाहून येतात, शेजारच्या शाळेतल्या प्रशिक्षकाला विचारतात. आपल्याकडच्या पालकांना ती सोय नाही. ज्यांना वेबसाइट ही भुरळ पाडण्याची जागा वाटते, ते या पालकांना डोळ्यांसमोर ठेवून बोलतच नाहीत.

आता यादीचं पान नीट वाचलं तर काय काय कळतं ते पाहू. खेळाडूचं नाव, उंची, कितवं वर्ष, गाव, आधीची शाळा किंवा कॉलेज. वर मोसम निवडायचा एक छोटा चौकोन. त्या चौकोनात चार वर्षांपूर्वीचा मोसम निवडायचा आणि पहिल्या वर्षाला असलेली नावं कागदावर लिहून घ्यायची. मग एकेक मोसम पुढे यायचं आणि त्यातली किती नावं चौथ्या वर्षापर्यंत दिसतात ते बघायचं. पाच मुली आल्या आणि पाचही चौथ्या वर्षाला खेळल्या, असं असेल तर त्या प्रशिक्षकाबद्दल फार काही विचारायला नको. पाचातली एकच उरली असेल, तर दुखापती झाल्या, मुली कंटाळल्या, की २०१८ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्सफर पोर्टलमधून दुसरीकडे गेल्या, हे विचारण्याचा हक्क घराला मिळतो. एकही व्हिडिओ हा प्रश्न सुचवत नाही.

निकालांचं पानही असंच बोलतं. डिव्हिजन वनच्या टेनिस सामन्यात आधी दुहेरीच्या तीन लढती होतात आणि त्यातल्या दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण मिळतो. मग एकेरीच्या सहा लढती, प्रत्येकीला एक गुण. एकूण सात, ज्याचे चार आधी झाले तो जिंकला, आणि उरलेल्या लढती बऱ्याचदा अर्ध्यावर सोडून दिल्या जातात. निकालपत्रकात एक ते सहा क्रमांक, समोर सेटचे आकडे, आणि अर्धवट राहिलेल्या लढतीपुढे तशी नोंद. यादीत दहा नावं असली तरी एकेरीला सहाच उतरतात. आठव्या क्रमांकावरची मुलगी अख्ख्या मोसमात एकेरीच्या किती लढती खेळली, हे पत्रकांवरून अर्ध्या तासात मोजता येतं. जी मुलगी आपल्या गावात रोज कोर्टवर असते, तिने अमेरिकेत जाऊन चार वर्षं बाकावर बसायचं का, याचं उत्तर तिथे आहे. आणि तिने ‘हो, बसेन, कारण मला तिथलं इंजिनीअरिंग हवंय’ असं ठरवलं, तर तो निर्णय डोळे उघडे ठेवून घेतलेला असेल. असा खेळाडू संघ सोडून जात नाही. प्रशिक्षकाला हवा असतो तो हाच.

स्थळ बघायला गेलेली माणसं भिंतीचा रंग बघून परत येत नाहीत, घरातल्या माणसांची चौकशी करतात. कॉलेज निवडतानाही ती करावी लागते, आणि चांगलं घर ती चौकशी टाळत नाही.

भरतीच्या व्यवसायातल्या लोकांचा यावर पहिला आक्षेप असा की प्रत्येक कॉलेज स्पर्धेत आहे. आपल्या उणिवा आपणच मांडल्या तर समोरचा त्याचा फायदा उठवेल. ऐकायला हे व्यवहारी वाटतं. पण गळतीची किंमत कॉलेज मोजत असतंच. पहिल्या वर्षी आलेली मुलगी वर्षभरात निघून गेली की प्रशिक्षकाला पुन्हा जग पालथं घालावं लागतं, शिष्यवृत्तीचे पैसे गेलेले असतात, आणि त्या मुलीच्या गावातून पुढची दहा वर्षं कोणी येत नाही. पुण्याच्या टेनिसवर्तुळात कोणतं कॉलेज कसं वागलं हे एका मोसमात सगळ्यांना माहीत होतं. वेबसाइटवर जे लपवलं, ते आता व्हॉट्सॲपवर फिरतं, आणि तिथे कॉलेजची बाजू मांडायला कोणी नसतं.

दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा आहे : खरी माहिती हवी असणाऱ्यांसाठी ती दुसरीकडे आहे, संघाच्या वेबसाइटवर तिची जागा नाही. हो, ती दुसरीकडे आहे, आणि ती तिथे आणण्यासाठी कायदे करावे लागले. १९९० चा स्टुडंट राइट-टु-नो कायदा आणण्यात पुढे होते ते सिनेटर बिल ब्रॅडली आणि काँग्रेस सदस्य टॉम मॅकमिलन. दोघेही कॉलेज बास्केटबॉलमधून वर आलेले. ब्रॅडली प्रिन्स्टनचे, मॅकमिलन मेरीलँडचे. शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्या मुलांपैकी किती पदवीधर होतात हे कॉलेजने सांगितलंच पाहिजे, असं त्या कायद्याने ठरलं. त्यानंतर १९९४ मध्ये इक्विटी इन ॲथलेटिक्स डिस्क्लोजर ॲक्ट आला. त्याप्रमाणे दर वर्षी १५ ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक कॉलेजने आपल्या संघांत मुलं किती, मुली किती, प्रशिक्षक किती, खर्च किती, हे खुलं करायचं असतं. ही माहिती अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर आहे. पण नाशिकमधल्या पालकाला ती तिथे आहे हे कोण सांगणार? एनसीएए स्वतः पदवी मिळवण्याचं जे प्रमाण जाहीर करते, ते डिव्हिजन वनसाठी नव्वद टक्क्यांच्या घरात जातं, कारण चांगल्या गुणांनी दुसरीकडे गेलेली मुलं त्यातून वगळली जातात. सरकारी पद्धतीत ती मुलं पदवीधर धरली जात नाहीत, म्हणून तो आकडा कमी येतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण ज्या वेबसाइटवर मुलगी शाळेतून आल्यावर रोज फिरते, तिथे हे दोन आकडे आणि त्यांच्यातला फरक दोन ओळींत सांगायला काय अडचण आहे? जे कायद्याने उघड करावंच लागतं ते कुठे ठेवलं, यावरून ते कोणी वाचावं अशी इच्छा आहे की नाही हे कळतं.

पैशांचं तर सगळ्यात जास्त लपवलं जातं. घरातल्या प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते : शिष्यवृत्ती किती? २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या पुरुष टेनिस संघाला मिळून साडेचार पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या आठ-दहा जणांत वाटल्या जात. मुलींच्या संघाला आठ. म्हणजे ‘मुलाला अमेरिकेत टेनिसवर स्कॉलरशिप मिळाली’ या वाक्यामागे बऱ्याचदा अर्धी, पाव किंवा त्याहून कमी शिष्यवृत्ती असायची, आणि उरलेली रक्कम घराने भरायची असायची. आयव्ही लीगमधली विद्यापीठं आणि डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथली मदत गरजेवर किंवा अभ्यासावर मिळते. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएएविरुद्धच्या हाऊस खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि हे सगळं बदललं. आता त्या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांऐवजी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आहे, टेनिसला दहा. दहाही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. देता येते, द्यावीच लागते असं नाही. त्याच वेळी विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा मिळाली, आणि त्यातला मोठा हिस्सा फुटबॉल-बास्केटबॉलकडे जाणार हे उघड आहे. मग टेनिस संघाला प्रत्यक्षात किती शिष्यवृत्त्या मिळतात? हा आकडा दर वर्षी बदलू शकतो, प्रत्येक कॉलेजात वेगळा असू शकतो, आणि तो कॉलेजनेच सांगितला तर कळतो. खासगी विद्यापीठाचा वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या वर जातो तेव्हा हा आकडा न सांगता चकचकीत जिम दाखवणं मला गैर वाटतं. इथे सौम्य शब्द वापरायचं मला काही कारण दिसत नाही.

आकडे झाकले की काय होऊ शकतं, याचं एक टोकाचं उदाहरण २०१९ मध्ये जगासमोर आलं. प्रवेशांच्या लाचखोरीच्या त्या प्रकरणात जॉर्जटाउन विद्यापीठाचा टेनिस प्रशिक्षक गॉर्डन अर्न्स्ट सापडला. स्पर्धात्मक टेनिस न खेळणाऱ्या श्रीमंत मुलांना टेनिसपटू म्हणून प्रवेश मिळवून देण्यासाठी त्याने जवळपास पस्तीस लाख डॉलर घेतले होते. २०२१ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि पुढच्या वर्षी त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. याद्या उघड असत्या तर हे घडलंच नसतं, असा दावा मी करत नाही. पण खेळाच्या कोट्यातून किती जणांना प्रवेश मिळाला आणि त्यांच्यापैकी किती जणांची नावं पुढच्या मोसमाच्या यादीत आणि निकालांत आहेत, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले गेले असते, तर जॉर्जटाउनच्याच एखाद्या विद्यार्थी-पत्रकाराला ते किती आधी खटकलं असतं, याचा विचार करावा.

आता चाहत्यांकडे वळू, कारण भुरळ पाडण्याच्या बाजूने बोलणारे इथे हटकून नेब्रास्काचं नाव घेतात. ३० ऑगस्ट २०२३ रोजी लिंकन शहरातल्या फुटबॉल स्टेडियमवर मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्याला ९२,००३ प्रेक्षक आले. बघा, म्हणतात, मोठा सोहळा करा, लोक येतात. पण त्या दिवशी जे आले ते त्या दिवशी चाहते झाले नव्हते. नेब्रास्काच्या व्हॉलीबॉलच्या घरच्या सामन्यांची सगळी तिकिटं २००१ पासून सलग विकली जात आली आहेत. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, पहिलं १९९५ चं, शेवटचं २०१७ चं. त्या राज्यात आजोबांना कोणत्या साली कोण सेटर होती हे पाठ असतं. चाहता आठवणींवर तयार होतो. आठवण टिकते ती नोंदीवर. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एकेरीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. २००८ मध्ये एकेरीत ४४ विजय आणि एकच पराभव. आज एखादा मुलगा हे शोधून काढतो आणि त्या विद्यापीठाचा होतो, ते कोणीतरी ते पान ठेवलं म्हणून.

लहान खेळांचे चाहते तर मुख्यतः आईवडील, माजी विद्यार्थी आणि गावातले काही लोक असतात. मार्चमध्ये टेक्ससमध्ये संध्याकाळी पाचला सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. त्या वेळी जागी असलेली आई वेबसाइटवरचा थेट गुणफलक उघडते. तो चालू असला, चौथ्या कोर्टवरचा आकडा वेळेवर बदलत असला, तर ती त्या संघाची आयुष्यभराची चाहती होते. तो अर्ध्या तासापासून थांबलेला असला, तर वरचा व्हिडिओ कितीही सुंदर असो, तिला त्याचा काही उपयोग नाही.

स्टॅनफर्डचं उदाहरण मला यात सर्वांत मोलाचं वाटतं. जुलै २०२० मध्ये त्या विद्यापीठाने छत्तीसपैकी अकरा खेळ बंद करण्याची घोषणा केली : कुस्ती, पुरुष व्हॉलीबॉल, तलवारबाजी, रोइंग, स्क्वॉश आणि आणखी काही. दोनशे चाळीसहून जास्त खेळाडू त्यात सापडले. स्टॅनफर्डइतकी देखणी क्रीडा-वेबसाइट कमी विद्यापीठांची असेल. तिच्यावरून त्या खेळांचं भवितव्य कोणालाही कळलं नसतं. मार्च २०२१ मध्ये शेन ग्रिफिथ हा त्यांचा कुस्तीगीर राष्ट्रीय स्पर्धेत विद्यापीठाचं नाव नसलेला काळा पोशाख घालून उतरला आणि १६५ पौंड गटात जिंकला. माजी खेळाडू एकत्र आले, विजेतेपदांची आणि ऑलिंपिक पदकांची जुनी नोंद त्यांनी पुढे ठेवली, खटले भरले गेले, आणि मे २०२१ मध्ये विद्यापीठाने निर्णय मागे घेतला. आयोवा आणि मिनेसोटाच्या पुरुष टेनिस संघांचं नशीब तसं नव्हतं. ते त्याच सुमाराला बंद झाले ते कायमचे. तिथे खेळायला गेलेल्या परदेशी मुलांपुढे संघ नाही, पण व्हिसा आणि शिक्षण दोन्ही टिकवायचं आहे, अशी वेळ आली. म्हणून कॉलेजने संघाच्या पानावर तो संघ कोणत्या पैशांवर चालतो आणि पुढची चार वर्षं चालवण्याचं लेखी आश्वासन आहे की नाही, हे सांगावं, ही माझी मागणी अवाजवी नाही.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो. खेळाडूंची माहिती उघड केली की तिचा गैरवापर होतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांना खेळांवरची सट्टेबाजी कायदेशीर करायची मुभा मिळाली, आणि पैज हरलेले लोक कॉलेजच्या मुलामुलींना धमक्या पाठवू लागले. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी मार्च २०२४ मध्ये एकेका खेळाडूच्या कामगिरीवरच्या पैजा बंद करण्याची मागणी केली ती याच कारणाने. तेव्हा मुलीचा इन्स्टाग्राम पत्ता यादीत नको, वसतिगृह नको, दुखापतीचा तपशील तिच्या संमतीशिवाय नको. पण नीट पाहिलं तर ज्या गोष्टी झाकायला हव्यात त्या व्यक्तीच्या आहेत आणि ज्या उघडायला हव्यात त्या संस्थेच्या. आज उलट दिसतं : मुलीचं समाजमाध्यमांवरचं खातं यादीत ठळक, आणि शिष्यवृत्त्यांचा आकडा कुठेच नाही.

राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. लहान कॉलेजात एकच क्रीडा-माहिती अधिकारी पंधरा-वीस संघांचं काम बघतो, हाताशी पार्टटाइम काम करणारे दोन-चार विद्यार्थी. त्या माणसाच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. शनिवारी तीन मैदानांवर तीन सामने असतात आणि तिन्हींचे आकडे त्याने रात्रीपर्यंत चढवायचे असतात. त्याला वर्षभर ग्राफिक्स बनवायला लावणाऱ्यांनी त्याच्या वेळेची वाटणी पुन्हा करावी. याद्या पूर्ण ठेवाव्यात, सोडून गेलेल्यांची पानं पुसू नयेत, प्रत्येक सामन्याचं पत्रक त्याच दिवशी लावावं, आणि इच्छुक खेळाडूंनी भरायच्या भरतीच्या प्रश्नावलीच्या शेजारी एक पान असावं : या संघात यंदा किती पूर्ण शिष्यवृत्त्यांचे पैसे आहेत, गेल्या पाच वर्षांत पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी किती जण चौथ्या वर्षाला खेळले, किती जणांनी पदवी घेतली, आणि परदेशी विद्यार्थ्याने कोणाला फोन करायचा. हे पान वर्षातून एकदा, एका दुपारी लिहून होतं. ते ज्या कॉलेजच्या वेबसाइटवर नसेल, त्याला पालकांनी ईमेल करून ते मागावं, आणि उत्तर येईपर्यंत प्रश्नावली भरू नये.